तलावात उतरलेलं पाचट

सप्टेंबरात रात्री जोराचा पाऊस झाला की पुढच्या दोन-तीन सकाळी तलावात मासे मेल्याचा फोन येणार, हे आम्ही धरूनच चालतो. हा तलाव उत्तर सोलापूर तालुक्यातला. पाझर तलाव, पाणी साधारण एक हेक्टरवर, सरासरी खोली दोन मीटर. वरच्या अंगाला खोडव्याचा ऊस आणि बांधाबांधाने उकिरडे. सकाळी पोचलो तेव्हा दोन-तीन किलोचे कटले पोट वर करून काठाला लागले होते. मच्छीमार संस्थेच्या माणसांचं मत मात्र ठरलेलं होतं : "साहेब, कुणीतरी औषध सोडलंय बगा." संशय कुणावर, तेही ठरलं होतं.

अशा वेळी मेलेल्या माशांपेक्षा जिवंत काय उरलंय तेच जास्त बोलतं. मरळ काठाच्या गवतात हिंडत होती. ती वर येऊन हवा घेते. पाणकिडे पळत होते. ६० मायक्रॉनच्या जाळीतून ५० लिटर पाणी गाळलं, तर खालच्या कुपीत मोइना, म्हणजे पाणपिसवा, जिवंत. पिकावरचं कीटकनाशक उतरलं असतं तर सगळ्यांत आधी त्याच गेल्या असत्या. बोटभर चिलापी पृष्ठभागाला तोंड लावून तग धरून होती आणि मोठे मासे तेवढे गेले होते. ही प्राणवायू संपल्याची खूण.

खात्री बाटलीत होते. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहता कामा नये. बादलीतून ओतलं की ओततानाच हवा मिसळते आणि आकडा फुगतो. मग मँगनीज सल्फेट २ मिली, अल्कली आयोडाइड-अझाइड २ मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट केलं. प्राणवायू असेल तर साका तपकिरी येतो. तळाजवळच्या बाटलीत तो दुधासारखा पांढरा आला आणि पांढराच राहिला, म्हणजे तिथे काहीच शिल्लक नव्हतं. वरच्या थराच्या बाटलीत फिकट पिवळट. तिच्यात २ मिली सल्फ्युरिक आम्ल, त्याने प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. मग २०३ मिली नमुना ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट केला, म्हणजे आयोडीन संपेपर्यंत थायो थेंबाथेंबाने मोजून घातलं. १ मिली थायो म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम प्राणवायू. आकडा एकच्या आसपास. एक खोच आहे : कुजकट, गढूळ पाणी आयोडीन स्वतःच खातं आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. म्हणून प्राणवायूचा मीटरही लावायचा, आणि काळ्या मातीने त्याचा पडदा बुजतो म्हणून दर वेळी धुवायचा. हे सगळं दिवस वर चढायच्या आत. दुपारी बाराला उन्हात शेवाळाने प्राणवायू सोडून आकडा सावरलेला असतो, आणि मग "पाणी तर चांगलं आहे" असा अहवाल जातो.

आता हिशेब. पावसाने वरच्या शेतातलं पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, आणि उकिरड्यांचा अर्क तलावात उतरतो, आणि कुजताना तो प्राणवायू खातो. २८ अंशाला लिटरभर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. २०,००० घनमीटर पाण्यात तो झाला १५० किलो. १ किलो कर्ब पूर्ण जळायला २.६७ किलो प्राणवायू लागतो आणि कोरड्या पाचटात कर्ब चाळीस-पंचेचाळीस टक्के. म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो पाचट पुरतं कुजलं तरी अख्ख्या तलावाचा साठा संपतो. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं. अर्थात लिग्निनमुळे त्यातलं बरंचसं महिनोन्‌महिने टिकतं. पहिल्या एक-दोन दिवसांत घात करते ती विरघळणारी साखर आणि शेणखताचा अर्क. वर ढगाळ हवा, गाळाने प्रकाश अडलेला. पाणी किती नितळ ते बघायची पांढरी तबकडी सोडली तर वीतभरही खोल दिसेना. शेवाळाने भर घालायची तीही बंद.

लोक चुना टाकतात. चुन्याने प्राणवायू येत नाही. आम्ही आधी मेलेले मासे आणि तरंगतं पाचट बाहेर काढायला लावलं, कारण मासे कुजले की तोच खर्च परत. पहाटे पंपाने पाणी उंच उडवून परत तलावात पाडलं. त्याचा उपयोग त्या कोपऱ्यापुरता, पण उरलेले मासे तिथेच गोळा होतात.

नंतरच्या नमुन्यांत जे दिसलं ते मला माशांच्या मरणापेक्षा मोलाचं वाटतं. शेवाळ जेमतेम, पण मोइना आणि चक्रधर जीव (रोटिफर) भरपूर. मोइना तांबूस झालेल्या. प्राणवायू कमी असला की त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात. त्या जगत होत्या जिवाणूंवर आणि जिवाणू खाणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, म्हणजे फिरून शेतातल्या कर्बावर. तळाच्या गाळात तांबड्या अळ्या, त्यावर मृगळ. पण या वाटेत पायऱ्या जास्त आणि दर पायरीला बराच कर्ब श्वसनात जातो. शिवाय पाचटात नत्र कमी, आणि लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लं नाहीतच. ती शेवाळाकडूनच येतात. पाचटावर पोट भरतं, मासा हवा तसा वाढत नाही.

किती कर्ब शेतातला, हे मोजायला सोलापूर फार सोयीचं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात तलावात जड कर्ब (कर्ब-१३) मिसळून बघावं लागलं. तिथे प्राणिप्लवकांतला, म्हणजे मोइनासारख्या तरंगत्या बारीक जीवांतला, २२ ते ५० टक्के कर्ब जमिनीवरचा निघाला. आपल्याकडे ज्वारी, ऊस, मका यांचा कर्ब-१३चा आकडा (ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत जड कर्ब किती, हजारात) उणे १२-१३ आणि तलावातलं शेवाळ बहुधा उणे २५च्या खाली. कडबा खाणाऱ्या म्हशीचं शेणही ज्वारीचाच आकडा दाखवतं. माशाच्या पाठीचं मांस ६० अंशाला वाळवून, दळून प्रयोगशाळेला पाठवायचं. गाळाचा नमुना असेल तर आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून फेस येणं थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर आपल्या मातीतल्या चुनखडीचा कर्ब मोजला जातो. आणि हिरव्यागार, सामू (pH) ९च्या तलावात हा हिशेब लावू नये. तिथलं शेवाळ बायकार्बोनेट वापरतं आणि त्याचा आकडा ज्वारीकडे सरकतो.

बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, कधी सोडायची, हे संस्थेने विचारलं. प्राणवायूचा पहाटेचा आकडा सलग आठवडाभर ४च्या वर राहिला की, असं सांगितलं. आणि तोवर येणारा ओढा बांधालगत पाचट अडवून गाळायचा, उकिरडे ओढ्याच्या वाटेतून हलवायचे.