परराज्यातून गाई आणताना: माझा अनुभव

जनावरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लम्पी त्वचारोगामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, त्या वेळी कर्नाटकातील चिंतामणी भागातून संकरित होल्स्टीन गाई आणण्याचा आमचा बेत जवळजवळ पक्का झाला होता. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली आणि दलालाशी झालेले बोलणे तसेच अर्धवट राहिले. आमच्या सांगोला तालुक्यात पावसाचा भरवसा नसल्यामुळे घरखर्च दुधावर चालतो, तेव्हा हे थांबणे जड गेले. तरीही ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात दिसलेला आजार काही आठवड्यांत किती जिल्ह्यांत पसरला हे पाहिल्यावर बंदीबद्दल कुरकुर करण्यासारखे काही उरले नव्हते. माशा, डास आणि गोचिडांमार्फत हा विषाणू शेजारच्या गोठ्यात जातो. दूरच्या जिल्ह्यात मात्र त्याला बहुधा ट्रकच नेतो.

पुढे अटींवर वाहतूक सुरू झाल्यावर मी आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्या अटी समजून घेतल्या. जनावराला लम्पीची प्रतिबंधक लस टोचून किमान २८ दिवस झालेले असावेत, कानात बारा अंकी बिल्ला असावा, त्या क्रमांकाची ऑनलाइन नोंद असावी आणि निघण्यापूर्वी शासकीय पशुवैद्यकाने तपासून आरोग्य दाखला दिलेला असावा. २८ हा आकडा कोठून आला, असे मी डॉक्टरसाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की शेळ्यांच्या देवीची जी लस तेव्हा गाईंना दिली जात होती तिचा परिणाम व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि संसर्ग झाल्यापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ जागतिक पशुआरोग्य संघटनेने २८ दिवसांचा धरला आहे. म्हणजे लस टोचण्याच्या दिवशीच गाईच्या अंगात विषाणू असेल, तर आजार या मुदतीत दिसून येतो. हे कळल्यावर लस टोचून २८ दिवस पुरे न झालेली गाय “चार दिवसांचाच फरक आहे” म्हणून गळ्यात मारू पाहणाऱ्या दलालाला नाही म्हणणे सोपे गेले.

बाजार बंद असल्यामुळे गाई थेट शेतकऱ्यांच्या दारात पाहिल्या. मला कानडी येत नाही. दलाल हिंदीत बोलायचा आणि वेत, दूध, दात यांची चौकशी त्याच्यामार्फत व्हायची. लम्पीची कागदपत्रे सगळेच तयार ठेवून होते. परंतु आमच्या डॉक्टरसाहेबांनी निघताना बजावले होते की बयाणा देण्याआधी गाईच्या रक्ताची ब्रुसेल्लाची तपासणी करून घ्या, कारण दाखल्यासाठी ती कोणी मागणार नाही. सांसर्गिक गर्भपाताचा हा रोग असलेली गाय बाहेरून धडधाकट दिसते, भरपूर दूध देते आणि शेवटच्या तिमाहीत वासरू टाकते. तेव्हा पडणाऱ्या वारेतून (जारातून) आणि स्रावातून जंतू अख्ख्या गोठ्यात पसरतात. कच्चे दूध पिणाऱ्याला आणि वार हाताने काढणाऱ्यालाही त्याची लागण होते. तिथल्या पशुवैद्यकांनी रक्त घेऊन प्रयोगशाळेत रोझ बेंगॉल चाचणी करवली. रक्तजलाच्या थेंबात रंगीत द्रव मिसळून काही मिनिटे पाहायचे आणि कण गोळा झाले तर संशय धरायचा, इतकी ही साधी तपासणी आहे. मला सर्वांत आवडलेल्या, कासेने भरदार अशा गाईच्याच थेंबात कण गोळा झाले.

त्या गाईच्या मालकाला माझा राग आला. इतक्या वर्षांत कोणी असले काही विचारले नाही, असे तो म्हणत होता, आणि ते खरेच असणार. २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे आणि अनुसूचीतील रोगाची शंका आल्यास खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. पण ज्याने तपासणीच केली नाही त्याला शंका येण्याचे कारण नसते. साथीच्या भीतीने लम्पीसाठी जेवढी यंत्रणा उभी राहिली, तिच्यातच या एका थेंबाची अट घालता आली असती असे माझे मत आहे. तपासणीत स्वच्छ निघालेल्या तीन गाई मी ठरवल्या.

त्यानंतरची अडचण निव्वळ कागदाची होती. एका गाईच्या दाखल्यावर बिल्ल्याच्या क्रमांकातील दोन अंक उलटसुलट पडले होते. नाक्यावर दाखला आणि कान ताडून पाहतात, त्यामुळे दुरुस्त दाखला हातात पडेपर्यंत गाडी भरली नाही. एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे नेता येत नाहीत. आमच्या तीनच होत्या, तरी रिकामी जागा भरून काढण्यासाठी चालकाने दुसऱ्या कोणाच्या कालवडी घेण्याचा प्रस्ताव मांडला. बिनतपासणीच्या कालवडी तपासलेल्या गाईंना घासून रात्रभर उभ्या राहणार असतील, तर आधीच्या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहिला नसता, म्हणून पूर्ण गाडीचे भाडे मी एकट्याने सोसले. सीमेवर तपासणी झाली, बिल्ले वाचले गेले आणि आम्ही पुढे निघालो.

गाडी गावात शिरली की कोणताही नाका उरत नाही. नवी जनावरे वेगळी ठेवली आहेत का, हे पाहायला माझ्या गोठ्यावर कोणी आले नाही, आणि मनुष्यबळ पाहता कोणी येणे शक्यही नव्हते. आम्ही त्यांना विहिरीकडच्या जुन्या छपरात बांधले. त्यांच्या बादल्या, दावणी आणि शेणाची पाटी वेगळी ठेवली, धार सर्वांत शेवटी काढली आणि रोज सकाळी ताप मोजून वहीत लिहिला. शेजाऱ्यांना हा प्रकार अतिरेकी वाटला. दुसऱ्या आठवड्यात एका गाईला सडकून ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली आणि रक्ताच्या काचपट्टीवर थायलेरियाचे जंतू दिसले. गोचीड तापाचा हा परोपजीवी ती अंगात घेऊनच आली असावी, आणि प्रवासाच्या ताणाने तो उफाळला. इंजेक्शनने गाय सावरली. छपरात आणि तिन्ही गाईंवर गोचीडनाशकाची फवारणी पुन्हा केली, कारण तिच्या अंगावरच्या गोचिडांना मूळ गोठ्यापर्यंत पोहोचू द्यायचे नव्हते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांचा यात दोष नव्हता. तपासणीच्या दिवशी तिला ताप नव्हता, आणि दाखला त्या दिवसापुरताच बोलतो.

महिना उलटल्यावर ब्रुसेल्लाची तपासणी पुन्हा करून मगच त्यांना मोठ्या गोठ्यात घेतले. बिल्ल्यांची मालकी माझ्या नावावर व्हायला त्याहून अधिक वेळ लागला. मधल्या काळात गोठ्यात कालवडी झाल्या. त्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लाची लस टोचून घेतली आणि तिची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकावर चढवून घेतली. परराज्यातून गाई आणायला निघालेले तालुक्यातले काही जण आता चौकशीला येतात. गाडी कोणाची आणि भाडे किती हे ते आधी विचारतात. मी त्यांना रक्त कुठे तपासून मिळेल याचा पत्ता आधी देतो.