बॉब सायमन

११ फेब्रुवारी

आज बॉब सायमनला जाऊन आणखी एक वर्ष झालं. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीचा हा वार्ताहर. साठाहून अधिक देशांतून त्याने बातम्या दिल्या. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धात सायगाव पडलं, तेव्हा अगदी शेवटच्या हेलिकॉप्टरांपैकी एकातून तो निसटला होता. आणि २०१५ साली गेला तो न्यूयॉर्कमध्ये, स्वतःच्या शहरात, भाड्याच्या गाडीला अपघात होऊन. वय ७३. मला हे अजूनही पचत नाही.

जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, इराकी सैनिकांनी त्याला तीन सहकाऱ्यांसह कुवेतच्या सीमेजवळ पकडलं. ४० दिवसांची कैद, त्यात बराच काळ एकांतकोठडी, मारहाण, उपासमार. पुन्हा तो ज्यू, म्हणजे जिवाची भीती आणखी वेगळी. तरी १९९३ च्या जानेवारीत गडी परत बगदादमध्ये हजर!

पण मला तो खरा कळला तो किन्शासाच्या वाद्यवृंदामुळे. संध्याकाळी त्याच्या त्या वृत्तांताची फीत पुन्हा लावली. काँगोतल्या या वृंदाची सुरुवात १९९४ मध्ये अरमाँ दियांगियेंदा या नोकरी गेलेल्या वैमानिकाने केली. सुरुवातीला वाद्यं मोजकीच, वाजवणारे जास्त, शिकवायला कुणी नाही. व्हायोलिनची तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची तार लावायची. आणि वाजवायचं काय, तर बेथोव्हेनची नववी सिंफनी! सायमन त्यांची कीव करत नाही. त्यांना कलावंत मानून प्रश्न विचारतो, तेही तोडकेच, आणि मग गप्प बसून ऐकतो. किन्शासानंतरच्या वर्षी पॅराग्वेत, कातेउराच्या कचरा डेपोशेजारच्या वस्तीत, तेलाच्या पिंपापासून केलेला चेलो वाजवणाऱ्या मुलांकडेही तो असाच गेला. इतकी युद्धं पाहिलेल्या माणसाला आनंदाची बातमी इतकी नेमकी सांगता यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यासाठी तिथवर जावं लागतं. स्टुडिओत चौघांना भांडायला बसवून ते साधत नाही.

गेला तेव्हा त्याच्या हातात इबोलावरच्या औषधाचं काम होतं, निर्माती त्याचीच मुलगी, तान्या. तो वृत्तांत चारच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला दाखवला गेला. वडील गेल्याच्या आठवड्यात त्यांचाच आवाज संकलनाच्या टेबलावर ऐकत बसणं कसं झालं असेल तिला! तीच तान्या २०२५ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या वृत्तकार्यक्रमाची कार्यकारी निर्माती झाली, त्या जागेवरची पहिली स्त्री.