करड्या धाग्यातले रंग

आज उजेड सव्वानऊला आला आणि साडेतीनला गेला. डिसेंबरचा तिसरा आठवडा चालू आहे. लुईस बेटावर या दिवसांत सूर्य साडेसहा तासांपेक्षाही कमी वेळ वर असतो, आणि वर म्हणजे तरी किती, भर दुपारी समुद्रापासून चार बोटं. त्यात ढग असतातच. त्यामुळे रंगाचं जे काही काम असेल, म्हणजे अस्तर कापडाला लावून बघणं, धागा निवडणं, बटणं जुळवणं, ते मी अकरा ते दोन एवढ्या वेळात उरकून घेते. दिव्याखाली रंग फसवतात. टाके, काजं, उसवाउसवी हे सगळं संध्याकाळी. इथली संध्याकाळ चारला सुरू होते ती झोपेपर्यंत.

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे, लुईस त्यातलंच. मुख्य भूमीवरच्या उल्लापूलहून बोटीत बसलं की पावणेतीन तासांनी लुईसचं बंदर स्टॉर्नोवे येतं, आणि तिथून पश्चिमेला, कॅलनिशच्या सुमारे पाच हजार वर्षं जुन्या उभ्या शिळांच्या बाजूला आमचं गाव. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी इथे आलो. मी हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाचे कोट, जाकिटं आणि बंड्या हातानं शिवते. वर्षाला वीस-बावीस नग होतात, जास्त नाही. तिकडून फोनवर मैत्रिणी हमखास विचारतात, "एवढ्या अंधारात, पावसात तुला काही सुचतं तरी कसं गं?" बरेच दिवस मला याचं उत्तर देता येत नव्हतं. आज बसून लिहिते.

पहिल्या हिवाळ्यात खरोखरच काही सुचलं नाही. माझे रंग मी तिकडूनच घेऊन आले होते: राणी, गुलबक्षी, चिंतामणी, डाळिंबी. आजोळ माणदेशातलं, डोळे तिथल्या उन्हात घडलेले. तिथला माळ इतका भगभगीत असतो की लुगडं जर्द रंगाचं असल्याशिवाय बाईमाणूस लांबून उठून दिसत नाही. इथला करडा समुद्र, करडं आभाळ, करडी घरं बघून मला वाटलं, इथे रंगाचीच कमी आहे, ती मी भरून काढीन. राणी रंगाच्या लोकरी कापडाची पाच जाकिटं शिवली, त्यांना चिंतामणी गोट लावला. खोलीत दिव्याखाली ती झळकायची. त्यातलंच एक घालून मी एकदा पावणेचारच्या सुमारास स्टॉर्नोवेच्या बंदरावर उभी होते. शेजारच्या काचेत सहज बघितलं तर अंगावर काहीतरी काळपट, विझलेलं. माझ्यापुढे एक वयस्कर बाई उभ्या होत्या. कोपरावर ठिगळ लावलेला त्यांचा जुना ट्वीडचा कोट घरात पाहिला असता तर मी त्याला मातकट म्हटलं असतं. त्या सांजवेळी त्याच्यातला हिरवा आणि निळा असा काही उजळून आला होता की मी बस येईपर्यंत त्या कोटाकडेच बघत राहिले.

याला कारण आहे, ते मला नंतर वाचून कळलं. यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञांच्या १८१९ मध्ये लक्षात आलं की दिवसा झगझगीत दिसणारी लाल फुलं झुंजुमुंजु उजेडात पानांपेक्षाही काळी दिसतात. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात. त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही, निळा-हिरवा मात्र चांगला दिसतो. म्हणजे माझी पाच जाकिटं शिवणीत कुठेच चुकली नव्हती. ती ज्या उजेडासाठी बेतली होती, तो उजेड इथे नव्हता. कापड, माप, गळा, बाही या सगळ्याचा विचार मी केला होता. ते घालून कोण किती वाजता कुठल्या महिन्यात बाहेर पडणार, हा विचारच केला नव्हता.

त्याच महिन्यात शेजारच्या आजोबांच्या मागावर गेले. इथे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात ते माझे आजोबाच. त्यांचा माग घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. विजेची मोटार नाही, पायानं चालतो, आणि त्याची खटखट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. मी उभी असताना ताण्याचा एक धागा तुटला. त्यांनी गाठ मारली, उरलेला वीतभर तुकडा बाजूला टाकला, तो मी उचलून घरी आणला. करडा-तपकिरी धागा. दुसऱ्या दिवशी बारा वाजता खिडकीपाशी बसून त्याचा पीळ उलटा सोडला आणि भिंगाखाली तंतू वेगळे केले. शेवाळी निघाला. गंजाचा निघाला. आकाशी, गर्द निळा, मधाचा पिवळा, ओल्या दगडाचा काळसर, आणि एखाद-दुसरा केस चक्क गुलबक्षी. सात रंग मोजले मी, वीतभर करड्यात.

ट्वीडची हीच तर करामत आहे. इथे रंग धाग्याला देत नाहीत. आधी लोकर रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरलेल्या प्रमाणात एकत्र पिंजतात आणि मग सूत कातलं जातं. डोळा ते सगळे रंग लांबून एकत्र करतो आणि आपण त्याला "करडा" म्हणून मोकळे होतो. पाऊस पडून गेल्यावर, संध्याकाळी, बर्फावर, प्रत्येक उजेडात त्यातला वेगळा तंतू पुढे येतो. त्यामुळे हे कापड इथे कुठल्याच वेळी विझत नाही.

जाता जाता या कापडाच्या कायद्याबद्दल सांगते, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. ब्रिटिश संसदेनं १९९३ मध्ये खास या एका कापडासाठी कायदा केला. लोकर शुद्ध आणि नवी हवी, तिचं रंगवणं आणि कातणं याच बेटांवर व्हायला हवं, आणि विणकर बेटावरचाच हवा, त्यानं स्वतःच्या घरीच विणायला हवं. ताण्याचं आणि बाण्याचं सूत गिरणीतून येतं, कापड घरी विणलं जातं, तेलकट अवस्थेतच परत गिरणीत जाऊन धुतलं जातं, आणि तपासणी झाली की त्यावर गोल आणि क्रूसाचा शिक्का बसतो. हा शिक्का १९११ पासून मारतात. मला आजोळची घोंगडी आठवते. सणगरांचा खड्डामाग, चिंचोक्याची खळ, धनगरांच्या मेंढ्यांची काळी लोकर. आजोबांची घोंगडी टोचायची म्हणून आम्ही भावंडं ती बाजूला सारायचो. आज ती माझ्या हाताशी असती तर तिचाही एक धागा मी उकलून बघितला असता. त्या काळ्यातही नक्की चार काळे निघाले असते.

यानंतर माझं रंगांकडे बघणं बदललं, आणि गंमत म्हणजे त्यात मदत झाली ती आपल्या भाषेची. गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, "गॉरम" म्हणजे निळा, पण गर्द गवतालाही तोच शब्द. समुद्राकडे आणि डोंगराच्या उताराकडे बघितलं की पटतं, इथे त्या दोन रंगांची सीमा दर तासाला हलते. मग मी आपले शब्द आठवत बसले. जांभळा, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, मोतिया, वांगी. आपल्याकडे रंग म्हणजे बहुतेक पिकणाऱ्या नाहीतर फुलणाऱ्या गोष्टी. कुणीतरी ते फळ, ते फूल त्याच्या दिवसांत पाहिलं आणि त्याचं नाव लुगड्याला दिलं. तसंच मीही करायचं ठरवलं. माझ्या वहीत आता "कापल्या दिवशीचा पीट", "मार्चमधलं मेलेलं गवत", "भरतीआधीची वाळू" असे रंग आहेत (पीट म्हणजे इथे जळणासाठी कापतात ती दलदलीची माती). प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. सुचणं म्हणाल तर ते या वहीतून येतं. कोरा कागद घेऊन मी आता बसत नाही.

पूर्वी मी तयार कपड्यांच्या निर्यातीच्या एका कंपनीत डिझायनर होते. फॅशनच्या धंद्यात पुढच्या उन्हाळ्याचे कपडे सप्टेंबरात दाखवतात, त्यामुळे आम्ही कायम अर्धं वर्ष पुढे राहायचो. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि टेबलावर वैशाखाचे नमुने. त्या सात वर्षांत बाहेरचा एकही ऋतू मी नीट पाहिला नाही, असं मला आज प्रामाणिकपणे वाटतं. इथे येऊन ती सवय मोडायला दोन वर्षं लागली.

आता वर्षाची घडी अशी बसली आहे. एप्रिल-मे महिन्यांत गाव पीट कापायला माळावर जातं, मीही जाते, शिवण बंद. जूनमध्ये अठरा तास उजेड असतो आणि रात्री अकराला बाहेर बसून वाचता येतं. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्र कुरणांना माखेर म्हणतात, ती पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांनी भरून जातात. मेंढ्यांची लोकर कातरतात. हे दिवस शिवायचे नाहीतच, बघायचे आणि रंगवायचे. कोटाचं कापड रंगूनच येतं, पण भरतकामाचे आणि शिवणीवरचे धागे मी स्वतः रंगवते. माळावरच्या हेदर या झुडपाचे शेंडे जुलैत, फुलं उमलायच्या आत तोडले आणि लोकरीला आधी तुरटी दिली, तर सोन्यासारखा पिवळा चढतो. त्याच भांड्यात चिमूटभर हिराकस टाकली की तो शेवाळी होतो. चुलीवरून उतरवलं की लड्या लगेच काढायच्या नाहीत. रात्रभर त्याच पाण्यात निवू द्यायच्या. आपण "भिजत घोंगडं" म्हणतो ते रखडत पडलेल्या कामाला. माझा सगळा रंग मात्र भिजत पडलेल्या लोकरीतच येतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी अशा रंगवलेल्या लड्या एका रविवारी अंगणात वाळत घातल्या होत्या. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. सोमवारी शेजारच्या बाई केक घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, इथे रविवारी दोरीवर काही घालत नाहीत. हे बेट शब्बाथ, म्हणजे ख्रिश्चनांचा रविवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतं. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली बोट सुटली तीसुद्धा जुलै २००९ मध्ये. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं. आता शनिवारी दिवस कलला की दोरी रिकामी करते आणि रविवारी सुईलाही हात लावत नाही. आधी शेजाऱ्यांच्या मानाखातर सुरू केलं, आता माझ्या बोटांनाच त्या दिवसाची सवय झाली आहे.

पूर्वी इथल्या बायका खडकावरचं दगडफूल चमच्यानं खरवडून त्याचा तांबूस तपकिरी रंग काढायच्या. त्याला क्रॉटल म्हणतात. भांड्यात एक थर दगडफुलाचा, एक थर लोकरीचा असं रचून तासन् तास उकळायचं. हा रंग दिलेले मोजे कोळी मात्र समुद्रावर घालायचे नाहीत. जे खडकावरून आलं ते खडकाकडेच परत जातं, अशी समजूत. दगडफूल फार हळू वाढतं म्हणून मी ते खरवडत नाही. पण शेजारच्या आजोबांच्या आईनं रंगवलेला एक शालीचा तुकडा त्यांनी मला दाखवला होता. त्याला अजून ओल्या मातीचा वास येतो.

ऑगस्टमध्ये हेदर फुलून डोंगर जांभळा होतो आणि तिथून माझी शिवण सुरू होते. जुन्या मागावरच्या कापडाचा पन्हा फक्त ७५ सेंटिमीटर असतो, आपल्या खणासारखा अरुंद, त्यामुळे कोट बेतताना कापडाचं ऐकावं लागतं. पाठीला मधोमध जोड येतोच. मग तो जोड लपवायचा कशाला, त्यावर हेदरच्या पिवळ्याचा धावदोरा घालायचा, गोधडीला घालतो तसा.

आणि बाही. बाहीचा माथा बगलेच्या घेरापेक्षा तीन-चार सेंटिमीटर मोठा कापावा लागतो. कडेनं बारीक धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, दोरा हलके ओढायचा, की कापडाला वाटीसारखा फुगार येतो आणि कडेला बारीक सुरकुत्या पडतात. सुती कापडात त्या चुण्या तशाच राहतात. लोकर तशी नाही. ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री धरली की सुरकुत्या डोळ्यांदेखत आत मुरतात, लोकर आवळून बसते आणि खांद्याची गोलाई तयार होते. चुणी दिसत नाही, शिवण दिसत नाही. शेकडो वेळा केलंय, तरी प्रत्येक वेळी फडकं उचलताना मी श्वास धरते. मला सुंदर काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी तो खांदा दाखवीन.

सध्या टेबलावर एका शाळेतल्या बाईंचा कोट आहे. त्या आठला घरून निघतात आणि चारला परततात, म्हणजे ऐन हिवाळ्यात जाता-येता उजेड अंधुकच. म्हणून कापड निळ्या-हिरव्याकडे झुकणारं घेतलंय. राणीचा हट्ट माझा सुटलेला नाही, तो अस्तरात गेला आहे. कोट दिव्याखाली काढून खुंटीला लावतील तेव्हा तो त्यांना दिसेल. वाऱ्यामुळे कालपासून बोट बंद आहे, त्यामुळे बटणं आलेली नाहीत. डावी बाही आज बसली. उजवीचा धावदोरा घालून ठेवलाय, फडकं ओलं करून वाफ द्यायची ती उद्या, अकरानंतर.