क्रिएट रिॲक्ट ॲपवरून व्हीटवर: चालू प्रोजेक्ट हलवताना

फेब्रुवारी 2025 मध्ये रिॲक्टच्या (वेब ॲपचे स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) टीमने जाहीर केलं की नव्या ॲपसाठी क्रिएट रिॲक्ट ॲप (रिॲक्टचा प्रोजेक्ट उभारून देणारं टूल) वापरू नका. आमचं ॲप त्यावरच उभं होतं आणि ग्राहक ते रोज वापरत होते. ‘आता सगळंच नव्याने लिहूया,’ असा टीमचा सूर. मी मात्र अडून बसले: आधी फक्त बिल्ड टूल (कोडपासून ब्राउझरसाठी फायली तयार करणारं टूल) बदलू, फोल्डरांना हात नको. दोन्ही एकदम केलं की बिघाड कशामुळे झाला तेच कळत नाही.

व्हीट या दुसऱ्या बिल्ड टूलवर जाणं तसं सरळ आहे. इंडेक्स.एचटीएमएल ‘पब्लिक’मधून प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये आणली, जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं एचटीएमएलसारखं मार्कअप) असलेल्या .जेएस फायली .जेएसएक्स केल्या, डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये तयार फायलींच्या ‘बिल्ड’ फोल्डरच्या जागी ‘डिस्ट’ टाकलं.

खरा वेळ खाल्ला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सनी (सर्व्हरच्या पत्त्यासारख्या, कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जनी). ‘रिॲक्ट_ॲप_’ने सुरू होणारी नावं ‘व्हीट_’ने सुरू करायची आणि प्रोसेस.एन्व्हऐवजी इम्पोर्ट.मेटा.एन्व्ह वापरायचं, एवढंच वाटतं. पण एखादं व्हेरिएबल राहिलं तरी बिल्ड बिनबोभाट पूर्ण होतो. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला तर रिक्वेस्ट चालली होती ‘अनडिफाइन्ड/ऑर्डर्स’कडे! म्हणून सगळी व्हेरिएबल्स एकाच कॉन्फिग फाईलमध्ये वाचायला घेतली; एक जरी नसलं तरी ॲप सुरू होतानाच नावासकट एरर देतं. आणि हे टीममध्ये प्रत्येकाला सांगायलाच हवं: ‘व्हीट_’ने सुरू होणारी व्हॅल्यू थेट ब्राउझरपर्यंत जाते, तिथे गुप्त ‘की’ (पासवर्डसारखी किल्ली) ठेवायची नाही.

हे प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या ॲपवर) स्थिरावल्यावरच फोल्डरांकडे वळलो. कंपोनंट्स, ॲक्शन्स, रिड्यूसर्स अशी कोडच्या प्रकारानुसार जुनी मांडणी होती. ऑर्डर रद्द करायचं एक बटण बदलायचं तर तिन्हीकडे फिरा. आता ऑर्डर्स, पेमेंट, प्रोफाइल अशी कामानुसार फोल्डर्स आहेत. प्रत्येकाची टेस्ट त्याच्याच शेजारी. पेमेंटने ऑर्डर्सच्या आतली फाईल परस्पर इम्पोर्ट करायची नाही, हा नियम ईएसलिंटमध्ये (कोड नियमांनुसार आहे का ते तपासणाऱ्या टूलमध्ये) घातला, कारण तोंडी नियम घाईच्या वेळी कोणी पाळत नाही. ‘कॉमन’ फोल्डरवर मात्र माझा आजही डोळा असतो. जागा सापडली नाही की लोक तिथेच फाईल टाकतात.

फायली हलवल्याचा कमिट (बदलांची नोंद) आणि कोड बदलल्याचा कमिट वेगळा ठेवला, त्यामुळे गिटमध्ये (या नोंदी सांभाळणाऱ्या टूलमध्ये) जुना इतिहास शोधता येतो. टेस्ट अजून जेस्ट या जुन्या टेस्ट टूलवरच आहेत. व्हीटेस्ट या व्हीटवर आधारलेल्या टेस्ट टूलवर जायचं काम या रिलीजनंतर घेणार आहोत.