केंटकीची फेरी: सिंगल बॅरल बर्बन, तिचं प्रूफ आणि तिची किंमत

इंडियानातल्या कोलंबसहून आय-६५ ने दक्षिणेला निघालं की सव्वा तासात ओहायो नदी ओलांडून लुईव्हिल येतं. कमिन्समुळे कोलंबसमध्ये पुण्याची माणसं बरीच, त्यामुळे भारतातून कुणी आलं की शिकागो-नायगाराच्या जोडीला केंटकीचा विषय निघतोच. ऑक्टोबरात मेहुणा आला होता. त्याला व्हिस्कीची मनापासून आवड, माझ्या बायकोला अजिबात नाही, आणि ती गाडी चालवायला आनंदाने तयार होती. केंटकीतल्या फ्रँकफर्ट, लॉरेन्सबर्ग, बार्ड्सटाउन या गावांतून डिस्टिलऱ्यांची, म्हणजे दारूच्या भट्ट्यांची, फेरी ठरली. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की, आणि प्रूफ म्हणजे तिच्या कडकपणाचा आकडा. डोक्यात प्रश्न एकच होता: एकाच पिंपातून भरलेली, म्हणजे सिंगल बॅरल, बर्बन किती प्रूफला बाटलीत उतरवली, यावर तिची चव आणि किंमत किती ठरते?

गाडीतच मेहुण्याने सुरुवात केली. "दाजी, आपल्याकडे बाटलीवर ७५ प्रूफ असतं, तरी ती ४२.८ टक्केच असते. इथे ९३ प्रूफ म्हणजे काय मग?" त्याची शंका रास्त होती. भारतातला हिशोब जुना ब्रिटिश आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के अल्कोहोल. अमेरिकेत सरळ दुप्पट: ५० टक्के म्हणजे १०० प्रूफ. म्हणजे आपल्या नेहमीच्या भारतीय व्हिस्कीचं अमेरिकी प्रूफ होतं ८५.६. हे एकदा डोक्यात बसवूनच इथल्या दुकानात शिरा, नाहीतर आकडे उलटसुलट दिसत राहतात.

बाकीचे नियम थोडक्यात. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका हवा, पिंप नवं आणि आतून जाळलेल्या ओकचं हवं. पिंपात भरताना दारू १२५ प्रूफपेक्षा कडक चालत नाही आणि बाटलीत ८० पेक्षा सौम्य चालत नाही. या दोन आकड्यांच्या मधे जे घडतं, त्यातच सगळी गंमत आहे.

पहिला मुक्काम फ्रँकफर्टची बफेलो ट्रेस डिस्टिलरी. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी इथूनच ब्लँटन्स बाजारात आणली आणि सिंगल बॅरल बर्बन हा प्रकार व्यापारात रुजला. त्याआधी शेकडो पिंपं एकत्र करून चव सारखी ठेवायची, हाच रिवाज होता. ब्लँटन्सची पिंपं पत्रा ठोकलेल्या एच वखारीत मुरतात. पत्रा पटकन तापतो आणि पटकन गार होतो, त्यामुळे दारू लाकडात शिरते आणि बाहेर येते ती अधिक जोमाने. वखारींच्या भिंतींवर आणि आसपासच्या झाडांवर काजळीसारखा काळा थर दिसतो. ती हवेत उडालेल्या अल्कोहोलवर वाढणारी बुरशी आहे. दाराशी उभं राहिलं की व्हॅनिला आणि ओल्या लाकडाचा वास येतो. नुसत्या त्या वासासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

ब्लँटन्सची नेहमीची बाटली ९३ प्रूफची, म्हणजे ४६.५ टक्के. ही डिस्टिलरी मक्याच्या जोडीला राय हे धान्य असलेल्या बर्बन १२५ प्रूफला पिंपात भरते. केंटकीच्या वखारीत वरच्या मजल्यांवर हवा गरम आणि कोरडी असते, तिथे पाणी अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं आणि वर्षागणिक प्रूफ चढतं. खालच्या थंड, दमट मजल्यांवर ते उतरूही शकतं. हिशोबाच्या सोयीसाठी धरा की पिंपातून ती जशी आत गेली तशीच, ६२.५ टक्क्यांची बाहेर आली. तिला ९३ प्रूफवर आणायचं तर दर १०० मिलिलिटरला सुमारे ३४ मिलिलिटर पाणी घालावं लागतं. बाटलीतला साधारण चौथा हिस्सा नंतर घातलेलं पाणी झालं. त्यात लबाडी काही नाही. ९३ ला ब्लँटन्स गोल, मधाळ लागते, संत्र्याच्या सालीचा वास छान उठतो. पण हे पाणी डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय किंमत समजत नाही.

तिथल्या बाकावर बसून मी मेहुण्याला मांडणी करून दाखवली. नवं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे सुमारे २०० लिटरचं. आठेक वर्षांत बरंचसं उडून जातं. समजा १३० लिटर उरलं आणि ते ६२ टक्क्यांचं आहे. जसंच्या तसं भरलं तर ७५० मिलिलिटरच्या १७३ बाटल्या होतात. १०० प्रूफला भरलं तर २१५. ९३ ला २३१. ८० ला २६८. पिंप तेच, मुरवण्याची वर्षं तीच, वखारीचा खर्च तोच, बाटल्या मात्र जवळपास शंभराने कमी-जास्त. अनेक पिंपं एकत्र करून भरलेल्या बर्बनमध्ये हा फरक इतर पिंपांत मिसळून जातो. एकाच पिंपाचा माल असला की तो उघडा पडतो. जास्त प्रूफची बाटली महाग असण्याचं खरं कारण हे आहे. कर हे कारण सांगितलं जातं, पण त्यात फारसं तथ्य नाही. संघराज्याचा पूर्ण दराचा कर १०० प्रूफच्या गॅलनला १३.५० डॉलर आहे. ८० प्रूफच्या बाटलीवर तो २.१४ डॉलर पडतो, १२० प्रूफच्या बाटलीवर ३.२१. फरक जेमतेम एका डॉलरचा.

दुपारी लॉरेन्सबर्गला गेलो. फ्रँकफर्टहून अर्धा तासही लागत नाही. फोर रोझेसची इमारत स्पॅनिश मिशन धाटणीची, पिवळसर भिंती आणि कमानी, केंटकीच्या कुरणांत अनपेक्षित. ही मंडळी दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट वापरून दहा वेगळ्या बर्बन बनवतात. त्यांची नेहमीची सिंगल बॅरल १०० प्रूफची असते आणि त्यातल्या एकाच कृतीची, ओबीएसव्ही या नावाची: राय ३५ टक्के, यीस्ट नाजूक फळांच्या वासाचं. त्यांच्या वखारी एकमजली आहेत, कॉक्स क्रीकला. मजले नाहीत म्हणून पिंपा-पिंपांत तापमानाचा फरक कमी राहतो. सिंगल बॅरल विकणाऱ्याला हे फार सोयीचं, कारण दुसरी बाटली घेणाऱ्याला ओळखीची चव मिळते. दुकानांसाठी निवडलेली यांची पिंपं मात्र पाणी न घालता, पिंपातल्या ताकदीलाच भरतात. आम्ही १०० प्रूफची आणि पिंपातल्या ताकदीची शेजारी-शेजारी चाखली. पहिलीत नाशपती आणि मध लगेच ओळखू आले. दुसरीत आधी झोंबणं, मग दालचिनी, आणि बराच वेळ जिभेवर राहणारं गोड लाकूड.

तिथून जवळच वाइल्ड टर्की आहे, केंटकी नदीच्या कड्यावर. खाली नदी, शेजारी रेल्वेचा जुना बंद पूल, मागे उंच वखारी. जिमी रसेल १९५४ पासून या डिस्टिलरीत आहेत. त्यांचा मुलगा एडी हाही मास्टर डिस्टिलर आहे. मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. वाइल्ड टर्की पिंपात दारू ११५ प्रूफला भरते, कायद्याच्या मर्यादेच्या बरीच खाली. रसेल्स रिझर्व्ह सिंगल बॅरल बाटलीत भरतात ११० ला. ११५ ची ११० करायला दर १०० मिलिलिटरला जेमतेम साडेचार मिलिलिटर पाणी पुरतं. तुमच्या ग्लासात येतं ते जवळपास पिंपातलंच. शिवाय ही बर्बन थंड करून गाळत नाहीत. सुमारे ४६ टक्क्यांच्या खाली व्हिस्की गारठली की तिच्यातली स्निग्ध द्रव्यं गढूळपणा आणतात, म्हणून अनेक कंपन्या ती आधीच गाळून टाकतात. त्यांच्यासोबत जिभेवरचा दाटपणाही थोडा जातो.

म्हणून माझं मत असं झालं आहे: बाटलीवरच्या प्रूफचा आकडा एकटा बघू नका. पिंपात किती प्रूफला भरली आणि बाटलीत किती प्रूफला उतरवली, यातलं अंतर बघा. अंतर कमी तर लाकडाचा, साखरेचा अर्क कमी पातळ होतो. कमी प्रूफला पिंप भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी जास्त असल्यामुळे पाण्यात विरघळणारी लाकडातली साखर जास्त उतरते. मिक्टर्स तर १०३ लाच भरते, मेकर्स मार्क ११० ला. यात खर्च वाढतो, कारण तेवढ्याच अल्कोहोलला जास्त पिंपं आणि जास्त वखारी लागतात. १९६२ मध्ये कायद्याने ही मर्यादा ११० वरून १२५ केली, त्यामागे हाच खर्चाचा विचार होता. पिंपात भरतानाचं प्रूफ बाटलीवर बहुधा छापत नाहीत, पण फेरीतल्या मार्गदर्शकाला विचारलं तर तो सांगतो. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचाराच.

रात्री बार्ड्सटाउनला मुक्काम केला. खोलीवर छोटा वजनकाटा, ड्रॉपर आणि साधं बाटलीबंद पाणी घेऊन बसलो. हा खेळ तुम्हीही करा. ६० टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये ६ मिलिलिटर पाणी घातलं की ती ५० टक्क्यांची होते, १० घातलं की ४५ ची. आम्ही एकच बर्बन तीन ग्लासांत या तीन ताकदींना मांडली. ६० ला वास कोंडल्यासारखा वाटला, चव मात्र दांडगी. ५० ला दोन्ही जमून आलं. ४५ ला वास सगळ्यात मोकळा, पण घोट गिळल्यावर चव लवकर सरली. वासाचं कारण रसायनशास्त्रात सापडतं. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंत द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, आणि ५९ च्या वर अल्कोहोलच्या वेढ्यात आत ओढला जातो. मेहुण्याला ५० आवडली, मला त्याच्या जरा वर. तुमचा आकडा वेगळा असेल, आणि तो या खेळाशिवाय कळणार नाही. बर्फाने तो कळत नाही. बर्फ पाणी घालतो तसाच वासही गारठवून टाकतो.

आता दुकान. आम्ही पाहिलं तेव्हा फोर रोझेसची १०० प्रूफची सिंगल बॅरल पन्नास डॉलरच्या आत-बाहेर होती, रसेल्स रिझर्व्ह सिंगल बॅरल सत्तरच्या आसपास. ब्लँटन्स मिळाली तिथे शंभराच्या वर सांगत होते. तिघींत सगळ्यात कमी प्रूफची तीच, आणि सगळ्यात महागही तीच. तिथे किंमत प्रूफची राहिलेलीच नाही. ती दुर्मीळपणाची आणि बुचावरच्या घोडेस्वाराची आहे. बुचावर एकेक अक्षर असतं, आणि आठ वेगवेगळी बुचं जमवून ब्लँटन्स हे नाव पूर्ण करणाऱ्यांचा एक वर्गच आहे. हेन्री मॅकेनाच्या दहा वर्षांच्या सिंगल बॅरलचंही असंच झालं. ती बॉटल्ड-इन-बाँड आहे, म्हणजे १८९७ च्या कायद्यानुसार एका डिस्टिलरीची, एका हंगामाची, निदान चार वर्षं मुरलेली आणि नेमकी १०० प्रूफची. २०१९ मध्ये तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या स्पर्धेत सर्वोत्तम व्हिस्कीचा मान मिळाला आणि ती फळीवरून गायब होऊन चढ्या भावाने परतली. प्रूफ तेच, दारू तीच.

पिंपातल्या ताकदीच्या बाटलीचा भाव ऐकून दचकू नका, हिशोब करा. ६० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरमध्ये ४५० मिलिलिटर अल्कोहोल असतं. ४५ टक्क्यांची एक पूर्ण लिटर त्यातून होते. ८० डॉलरची अशी बाटली म्हणजे ९० प्रूफच्या नेहमीच्या बाटलीला ६० डॉलर मोजल्यासारखं. आणि पाणी किती घालायचं ते तुमच्या हातात. पिणाऱ्यांना हा आकडा किती जवळचा असतो ते २०१३ मध्ये दिसलं. तुटवडा म्हणून मेकर्स मार्कने आपली बर्बन ९० वरून ८४ प्रूफवर आणायचं जाहीर केलं, आणि ग्राहकांच्या संतापापुढे आठवडाभरात निर्णय मागे घेतला.

जाणाऱ्यांसाठी. डिस्टिलरीतल्या फेऱ्यांचं बुकिंग आधी करा, शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारचं तर काही आठवडे आधी. एका दिवसात दोन डिस्टिलऱ्या पुष्कळ. तिसरीत जीभ काम करत नाही. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात बऱ्याच ठिकाणी भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून वसंत किंवा ऑक्टोबर बरा. वय २१ पूर्ण हवं. पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. न पिणारा चालक नसेल तर लुईव्हिलहून निघणाऱ्या बसच्या सहली घ्या. उघडलेली बाटली प्रवाशांच्या जागेत ठेवू नका, डिकीत ठेवा. चाखण्याआधी लसणाची चटणी किंवा तिखट चिवडा नको, पोळी किंवा नुसता ब्रेड खा. बफेलो ट्रेसमध्ये फेरीच्या शेवटी मिळणाऱ्या चॉकलेटच्या गोळ्यांत बर्बन असते, हे न पिणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

भारतात नेणाऱ्यांसाठी प्रूफचा आणखी एक हिशोब आहे. ७० टक्क्यांच्या वरची, म्हणजे १४० प्रूफपुढची दारू विमानात कोणत्याच सामानात चालत नाही, आणि काही पिंपं खरोखर तिथवर पोचतात. लेबल वाचूनच घ्या. भारतात एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क १५० वरून १०० टक्के झालं, तरी सिंगल बॅरल तिकडे महागच पडते. त्यामुळे दोनच न्यायच्या तर एक पिंपातल्या ताकदीची असू द्या. पुण्याच्या एप्रिलातल्या उकाड्यात ती तशीच पिऊ नका, अल्कोहोल नाकात आधी शिरतं. साधं पाणी घालून ५० टक्क्यांच्या खाली आणा आणि पाच मिनिटं ग्लासात राहू द्या. मेहुण्याने रसेल्स रिझर्व्ह आणि फोर रोझेसची एका दुकानासाठी निवडलेली बाटली नेली. दोन्ही चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.