बटणात खोचलेला पुठ्ठा : आमच्या प्रेस शॉपचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा प्रेसमध्ये दाबून त्याचे पार्ट काढतात तिथे, मी आधी डाय सेटर होतो, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बांधणारा, आता शिफ्ट सुपरवायझर आहे, सगळी मिळून सतरा वर्षं झाली. ओळखीतल्या दोन-तीन वर्कशॉपवाल्यांनी विचारलं होतं की तुमच्याकडे बोटं जायची थांबली ती काय बसवल्यामुळे आणि खर्च किती आला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. काय बसवलं ते सांगतोच, पण नुसतं बसवून काही झालं नसतं हे आधीच सांगतो, कारण ज्या प्रेसवर आमच्या पोराची बोटं गेली त्या प्रेसला दोन्ही हातांची बटणं होतीच, म्हणजे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस चालावा आणि हात बाहेर राहावेत अशी.

२०१९ चा पावसाळा, सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेआठ वाजले असतील. ६३ टनी प्रेसवर दुचाकीच्या स्टँडचा ब्रॅकेट चालू होता. पोरगा लातूरकडचा, एकवीस वर्षांचा, ठेकेदाराकडून आलेला, येऊन दीड महिना झालेला. मी तीन मशीन सोडून पलीकडे डाय बांधत होतो. प्रेसचा आवाज जरासुद्धा बदलला नाही, नेहमीसारखा एक स्ट्रोक पडला आणि मग हेल्पर ओरडला. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दुसऱ्या पेरापासून. पोरगा ओरडला नाही, हाताकडे बघत उभा होता. मी माझा शर्ट काढून त्याचा हात गुंडाळला आणि वर धरून ठेवला, कुणीतरी बोटं शोधून थेट बर्फात टाकली आणि आम्ही निघालो. डॉक्टर म्हणाले चेंगरलीत, जोडता येणार नाहीत, पण पुढे कधी वेळ आलीच तर बोट असं नुसत्या बर्फात टाकू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा, नाहीतर बर्फानेच ते खराब होतं. शंभरएक माणसांचा कारखाना, दिवसरात्र पत्रा आणि प्रेस, आणि ही गोष्ट आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती.

रात्री परत येऊन मी मशीनपाशी गेलो. डाव्या बटणाच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा घट्ट खोचलेला, त्यावर काळी इन्सुलेशन टेप, म्हणजे डावं बटण कायम दाबलेलं आणि प्रेस एकट्या उजव्या हातावर चालू. टेपवर तेलकट बोटांचे थरावर थर ठसे होते, ती त्या दिवशीची टेप नव्हती. आणि मला ते माहीत होतं, कारण आठवडाभर आधी डाय बदलताना मी तो पुठ्ठा पाहिला होता. पाहिला आणि माझं काम करून निघून गेलो. ही गोष्ट मी अजून विसरू शकलेलो नाही आणि विसरावीशी वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा कागद तयार झाला. कामगार ४८ तासांपेक्षा जास्त कामावर येऊ शकत नसेल तर कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवावंच लागायचं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'कामगाराने सुरक्षा साधनात फेरफार केला, निष्काळजीपणा'. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी सही केली नाही. मॅनेजर साहेबांना म्हणालो, साहेब हा पुठ्ठा कालचा नाही, आठवडाभर आधी मी स्वतः बघितलाय, लिहायचं तर हे पण लिहा. साहेब खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बस, सांग सगळं. त्यांनी तिथे मला हाकललं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला आजही वाटतं. (तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १११ होतं, कामगाराने सुरक्षा साधनाशी खेळू नये, ते सगळ्यांना पाठ असायचं. त्याच पुस्तकात आधी कलम २१ होतं, मशीनचा धोकादायक भाग बंदिस्त ठेवायची जबाबदारी कारखान्याची, ते फार कुणी उघडून बघायचं नाही.)

मग प्रश्न आला की पुठ्ठा लावला कुणी. आधी पेटी ठेवली, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणून, तर आठ दिवसांत एकही चिठ्ठी नाही. पोरांना वाटायचं अक्षर ओळखतील, आणि ठेकेदाराची पोरं तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत जायच्या भीतीत असायची. शेवटी आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, ते सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले की मी पण लावलाय, तीनही शिफ्टमध्ये लावतात, आणि का लावतात ते मशीनवर या, दाखवतो. साहेब, टूलरूमवाला, पर्चेसवाला, मी, सगळे गेलो. काकांनी डायवर ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, ठेवला आणि हात सोडला, ब्लँक घसरला. परत ठेवला, परत घसरला. डायमधली लोकेटर पिन झिजली होती, त्यामुळे पीस जागेवर राहतच नव्हता, एका हाताने धरल्याशिवाय काम होणारच नव्हतं. आणि एक हात पिसावर असला तर दोन बटणं दाबणार कशी.

पिनची मागणी मीच तीन महिन्यांपूर्वी टूलरूमला दिली होती आणि पुन्हा विचारलं नव्हतं. टूलरूमने ती पर्चेसला दिली होती. पर्चेसने बाकीचं सामान आलं की एकदमच मागवू म्हणून बाजूला ठेवली होती. प्लॅनिंगचं तासाला ४२० पीसचं टार्गेट होतं, ते डाय नवीन असताना काढलेलं, नंतर कुणी बदललं नाही. मेंटेनन्सने बटणं जोडली होती ती साधी सिरीजमध्ये, एक दाबून ठेवलं तरी दुसऱ्यावर प्रेस चालणार. दोन-अडीचशे रुपयांची पिन. त्या दिवशी साहेबांनी एका जुन्या ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला हे सगळं लिहिलं, प्रत्येक गोष्टीपुढे नाव, आणि पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं कारण पर्चेसच्या छोट्या खरेदीवर सहीची अट त्यांनीच घातली होती. गेटवर वर्षानुवर्षं बोर्ड होता 'सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी', दर ४ मार्चला सुरक्षा दिनाला बिल्ला लावून आम्ही तीच शपथ घ्यायचो, पण त्या सर्वांमध्ये मी नेमका कुठे बसतो ते मला त्या ड्रॉइंगच्या पाठीवर पहिल्यांदा कळलं.

सुरक्षा कमिटी आमच्याकडे कागदावर होती. चहा, बिस्किट, साहेब बोलणार, आम्ही माना हलवणार. त्याच कारखाना कायद्यात भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली ४१-जी कलम आलं होतं, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगारांचे आणि मॅनेजमेंटचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने घेऊन सुरक्षा समिती करायची. आमचा कारखाना त्या यादीत बसत नव्हता, पण आम्ही ते सारख्या संख्येचं उचललं, आणि एक जास्तीचं केलं की कामगारांच्या अर्ध्या जागा ठेकेदाराकडच्या पोरांना दिल्या, कारण निम्म्यापेक्षा जास्त प्रेस तेच चालवतात. मीटिंग ऑफिसात नाही, मशीनपाशी उभ्याने, शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं. पहिले दोन महिने पोरं गप्पच असायची. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं की स्क्रॅपची ट्रॉली वाटेत का ठेवता, रात्री अंधारात मांडीला लागते. ट्रॉली त्याच दिवशी हलवली, तिथे दिवा लावला. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली.

बसवलं काय, तर न्यूमॅटिक क्लचच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या आणि मध्येच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर बटणांसाठी सेफ्टी रिले, म्हणजे बटणं नीट दाबली का ते तपासणारं कंट्रोल. आता दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात, पुठ्ठा खोचला तर प्रेस चालतच नाही. त्याच प्रेसना लाईट कर्टन, म्हणजे पुढे प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की रॅम, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, थांबवणारा. खरं तर ऑर्डर सगळ्याच प्रेससाठी निघाली होती, पण काकांनी अडवलं. म्हणाले ते दोन जुने आहेत ते की क्लचचे, म्हणजे लोखंडी किल्ली अडकून चालणारे, एकदा ती किल्ली अडकली की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत थांबत नाही, तुमचा कर्टन सिग्नल देईल आणि रॅम खालीच जाईल. शिवाय पोरगा कर्टनच्या भरवशावर हात घालेल. शंभर टक्के बरोबर होतं, आणि विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. बाकीच्या प्रेसवरही कर्टन किती लांब बसवायचा याचा हिशोब असतो, हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरा, रॅम थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात अर्धा मीटर आत पोचलेला असतो. कुठे दिसेल तिथे बसवला असं चालत नाही.

आणि म्हणूनच रॅम थांबवणारा ब्रेक महत्त्वाचा. रॅमवर आणि फ्रेमवर पिवळ्या पेंटने रेघ मारली, शिफ्ट सुरू होताना तीन स्ट्रोक रिकामे मारायचे, वर थांबल्यावर रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाही जुळली तर प्रेस बंद. बंद करायला कुणाची परवानगी नाही लागत, हे साहेबांनी जाहीर केलं होतं पण जाहीर करणं वेगळं. एकदा सकाळी अप्रेंटिस मुलीने, आयटीआय करून येऊन तिला तीन आठवडे झाले होते, १०० टनी प्रेस बंद करून लाल टॅग लावला. रेघ दोन बोटं खाली थांबत होती. बाहेर गाडी उभी, कस्टमरचे फोनवर फोन. माझ्या तोंडावर आलं होतं की एवढा लॉट काढू मग बघू, ओठापर्यंत आलं होतं खरंच. ती टॅगला हात लावून उभी होती, हात थरथरत होता, पण बाजूला झाली नाही. साहेब आले, विचारलं कुणी बंद केलं, ती म्हणाली मी केलं सर. साहेबांनी रेघ बघितली, तिथेच उभं राहून कस्टमरला फोन लावला आणि सांगितलं की प्रेसचा ब्रेक उघडतोय, गाडी चार तास उशिरा निघेल. बस, एवढंच बोलले. मेंटेनन्सने उघडलं तर ब्रेकचं लायनर तेलात भिजलेलं, सील गळत होतं. पूर्ण शॉप ते बघत होतं. मला विचाराल तर आमच्याकडे खरा बदल त्या फोनपासून झाला. नंतर तासाच्या बोर्डावर 'थांबवलं' असा वेगळा रकाना आला, तो वेळ ऑपरेटरच्या पीसमधून कापत नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही काढून टाकली आणि ती काढायला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. 'अपघाताशिवाय इतके दिवस' हा आकड्याचा बोर्ड, १०० दिवस झाले की सगळ्यांना स्टीलचा डबा. पॅकिंगच्या एका मावशींना पत्र्याच्या बरने, म्हणजे कापलेल्या कडेच्या धारेने, तळहाताला कापलं, ९६ वा दिवस होता, त्यांनी हातमोजा घालून चार दिवस लपवलं. माझ्यामुळे पोरांचे डबे जातील म्हणाल्या. हात सुजून पू झाला तेव्हा कळलं. बोर्ड त्याच आठवड्यात उतरवला. तिथे आता वही टांगलीय, काय दिसलं, कुणाला दिसलं, कोण करणार, कधीपर्यंत. पहिल्या महिन्यात नऊ नोंदी होत्या, आता चाळीसच्या पुढे जातात, आणि बाहेरचा माणूस म्हणतो तुमच्याकडे धोके वाढले का. त्याला सांगावं लागतं की धोके होते तेवढेच होते, आता आम्हाला दिसतात.

आमचा पोरगा बरा होऊन आला. ठेकेदाराने त्याचं ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, नाव घातलेलं होतं, म्हणून घरी होता तोपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळाले आणि मग मेडिकल बोर्डाने टक्केवारी ठरवून आयुष्यभराची पेन्शनसारखी रक्कम चालू झाली. कागदांसाठी मी त्याच्याबरोबर सहा वेळा गेलो. आता टाइम ऑफिसवाला ईएसआयचा नंबर हातात आल्याशिवाय नव्या माणसाला शॉपमध्ये सोडत नाही, त्याच्या नावापुढे वहीत तेच काम आहे. पोरगा इन्स्पेक्शनला बसतो. खंडेनवमीला प्रेसची पूजा असते, झेंडूचं तोरण, हळदकुंकू, त्या वर्षी साहेबांनी ६३ टनीची पूजा त्याला करायला सांगितली. तो आधी डायजवळ वाकला, नवीन पिनेवर ब्लँक ठेवून हात सोडून बघितला, मग हार घातला. मला तिथे थांबवेना, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

रात्रपाळी अजून कच्ची आहे, तिथे कमिटीचा एकच माणूस असतो. आणि ते दोन की क्लचचे प्रेस अजून चालू आहेत. त्यांना कर्टन चालत नाही म्हणून पुढून बंदिस्त गार्ड केलंय, फट सहा मिलीमीटर, बोट जात नाही, ब्लँक चॅनलमधून सरकवायचा. पण मोठा ब्लँक आला की गार्ड उघडायचा मोह होतो, गेल्या महिन्यात काकांनी एकाला हटकलं. मोठ्या ब्लँकसाठी वेगळा चॅनल बनवायचं ठरलंय, वहीत माझं नाव आहे, टूलरूममधून पत्रा कापून आलाय. गुरुवारी सुट्टी असते आमच्याकडे, तेव्हा मी आणि काका येऊन बसवणार आहोत.