पाळकपद गमावलेला आमदार

१८९९ साली जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात क्रिस्टोफ ब्लुमहार्ट या सत्तावन्न वर्षांच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे कामगारांच्या समाजवादी पक्षाचे सभासदत्व घेतले, आणि चर्चच्या वरिष्ठांनी त्यांना पाळक ही पदवी सोडण्यास सांगितले. त्यांनी ती सोडली. पक्षाने १८९१ मध्ये एरफुर्ट येथे मंजूर केलेल्या आपल्या धोरणपत्रात धर्म ही खासगी बाब ठरवली होती, तर चर्चमधील बहुतेकांना हा पक्ष देव आणि राजा या दोघांचाही वैरी वाटत असे. त्यामुळे ब्लुमहार्ट यांचे हे पाऊल दोन्हीकडे अडचणीचेच ठरले असणार.

त्यांचा जन्म १८४२ चा, म्योटलिंगेन या खेड्यातला. तेथे पाळक असलेल्या वडिलांच्या प्रार्थनेने एक आजारी तरुणी बरी झाली, अशी ख्याती पसरून लोकांची रीघ लागली आणि १८५२ मध्ये वडिलांनी बाड बोल येथील गंधकाच्या झऱ्याचे आरोग्यधाम विकत घेतले. ट्युबिंगेनला धर्मशास्त्र शिकून आलेल्या मुलाने १८८० मध्ये वडिलांच्या निधनानंतर ही गादी सांभाळली. ‘गादी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण चमत्काराच्या आशेने येणाऱ्या भक्तांवर त्यांना आयुष्यभर सुखाने राहता आले असते. परंतु हे लोक आपापल्या प्रकृतीसाठी देवाला वेठीस धरतात, असे त्यांना वाटू लागले. देवाचे राज्य चर्चच्या भिंतींत किंवा मरणानंतरच्या स्वर्गात शोधायचे नसून ते याच पृथ्वीवर यायचे आहे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

१८९९ च्या सुमारास संप करू पाहणाऱ्या कामगारांना जरब बसवणारे, ‘तुरुंग विधेयक’ म्हणून बदनाम झालेले विधेयक कैसरच्या सरकारने आणले. त्याविरुद्ध कामगारांनी घेतलेल्या सभांना ब्लुमहार्ट गेले, जवळच्या ग्योपिंगेन या कारखान्यांच्या गावात उघडपणे त्यांच्या बाजूने बोलले आणि मग पक्षात दाखल झाले. विधेयक त्याच वर्षी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, फेटाळले गेले. पुढच्या वर्षी ग्योपिंगेनमधून ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले.

१९०६ पर्यंत त्यांनी आमदारकी केली आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. राजकारणाने भ्रमनिरास झालेला साधू अखेर प्रार्थनेकडे परतला, असे त्यांचे चरित्र सांगण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. पक्षीय कामकाजातल्या घासाघाशीला ते कंटाळले असतील, पॅलेस्टाइनच्या प्रवासानंतर प्रकृतीही ढासळली होती. पण कामगारांच्या बाजूने घेतलेली भूमिका त्यांनी मागे घेतली नाही. पक्षात जाणे हे त्यांच्या दृष्टीने धर्म सोडणे नव्हतेच, तेव्हा परतण्याचा प्रश्न कुठून येणार?

त्यांची हीच दृष्टी जावई रिखार्ट विल्हेल्म यांना चीनमध्ये पाठवलेल्या पत्रांतही दिसते. मिशनरी म्हणून गेलेल्या जावयाला सासरे बजावत होते, की चिनी माणसांना युरोपीय ख्रिस्ती बनवण्याच्या मागे लागू नका. आपण एकाही चिनी माणसाला बाप्तिस्मा दिला नाही, असे विल्हेल्म पुढे समाधानाने सांगत, आणि चिनी अभिजात ग्रंथांचे जर्मन भाषांतरकार म्हणूनच ते आज ओळखले जातात.

१९१५ मध्ये कार्ल बार्ट हे तरुण स्विस पाळक, पुढे नामवंत धर्मशास्त्रज्ञ झालेले, बाड बोलला येऊन ब्लुमहार्ट यांना भेटून गेले. ऑगस्ट १९१९ मध्ये ब्लुमहार्ट वारले आणि त्याच महिन्यात फ्रीडरिश नाउमान हेही गेले. नाउमानदेखील पाळकी सोडून राजकारणात उतरलेले, मात्र राष्ट्र आणि सत्ता यांच्याशी जुळवून घेत राइशस्टागपर्यंत पोचलेले. बार्ट यांनी दोघांवर मिळून एक लेख लिहिला आणि त्यात नाउमान यांना भूतकाळाच्या, तर ब्लुमहार्ट यांना भविष्याच्या बाजूला बसवले. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांत ब्लुमहार्ट यांचे नाव टिकले ते बरेचसे बार्ट यांच्यामुळे. मात्र तेथे त्यांच्या आशेच्या शिकवणीविषयी जितके बोलले जाते, तितके त्यांच्या विधिमंडळातील वर्षांविषयी बोलले जात नाही. मला तर त्या वर्षांचेच मोल अधिक वाटते, कारण शिकवणीपायी पदवी गमावल्यावरही ते मतदारांसमोर उभे राहिले होते.